वहीला वाचक हवा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, ‘तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर शाळा डिजिटल कशी करायची यावर पंधरा मिनिटं बोल.’ मी हो म्हणाले. पण तयारीला बसले तेव्हा डोळ्यांसमोर एकच गोष्ट येत राहिली, ती म्हणजे आपलं हस्तलिखित. त्यामुळे आज कॉम्प्युटरबद्दल थोडंच बोलणार आहे. संयोजकांनी माफ करावं. चहापाणी आणि कालची पोपटी त्यांच्याकडून झालेली आहे, तेव्हा आता ते मला खाली उतरवणार नाहीत असं धरून चालते.

नव्या विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात सांगते. 1995–96 साली आम्ही नववीत होतो. तेव्हा दर वर्षी प्रत्येक वर्गाचं एक हस्तलिखित निघायचं. मुलांनी कविता, निबंध, प्रवासवर्णनं लिहून द्यायची. ज्यांचं अक्षर चांगलं त्यांनी ती रेघा मारलेल्या कागदावर उतरवायची. ज्याचा हात चित्रकलेत चालतो त्याने वेलबुट्ट्या काढायच्या. मग रोह्याच्या बाजारातून बाइंडिंग करून आणायचं. असा एकच अंक. छापलेला नाही, झेरॉक्स नाही. हरवला की संपला.

आमच्या मराठीच्या बाईंनी त्यात एक गोष्ट केली होती, तिचं महत्त्व मला फार उशिरा कळलं. अंकाच्या शेवटी त्यांनी दहा-बारा कोरी पानं शिवून घेतली होती आणि वर लिहिलं होतं, ‘वाचून काय वाटलं?’ तो अंक मग एकेका रात्रीसाठी एकेका मुलाच्या घरी जायचा. आज वरसे, उद्या अष्टमी, परवा धाटव. घरातल्या कुणीही वाचायचं आणि त्या कोऱ्या पानांवर दोन ओळी लिहायच्या. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचं मुलांनी लिहून घ्यायचं.

मी आमच्या वरसेच्या विहिरीवर लिहिलं होतं. माझे बाबा धाटवच्या एमआयडीसीत शिफ्टला जायचे. माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करण्यापलीकडे माझ्या अभ्यासाशी त्यांचा संबंध नव्हता. त्या रात्री सेकंड शिफ्ट करून ते आले, जेवले आणि अंक घेऊन बसले. सकाळी उठून मी शेवटचं पान उघडलं. बाबांच्या हातची एक ओळ होती : ‘विहिरीचं लिहिलंस ते खरं आहे, पण पंपाच्या आधी तिथे रहाट होता, तो लिहायला हवा होता.’

शाबासकी नाही, मार्क नाहीत. पण त्या ओळीने मी दोन दिवस हवेत होते. बाबांनी ते वाचलं होतं आणि त्यात काय राहिलं ते त्यांना दिसलं होतं. मी त्या दिवशी संध्याकाळी त्यांना रहाटाबद्दल विचारलं आणि तासभर ते बोलत राहिले. वहीतल्या निबंधावर लाल शाईत ‘ठीक, 6/10’ असा शेरा मला वर्षानुवर्षं मिळत होता. त्या शेऱ्यानंतर मी एकदाही कुणाला काही विचारायला गेले नव्हते.

आता दुसरी गोष्ट. ही सांगायला मला जड जातं, पण आज सांगायची असं ठरवून आले आहे. जिच्याबद्दल आहे तिची परवानगी घेतली आहे. फक्त नाव नको म्हणाली.

त्याच अंकाची मी संपादक होते. अक्षर बरं होतं, वक्तृत्वात बक्षिसं मिळत होती, त्यामुळे स्वतःबद्दल बराच मोठा समज होता. आमच्या वर्गातल्या एका मुलीने ‘माझी आई’ वर लिहून दिलं होतं. घरी बोलतात तसंच लिहिलं होतं. ‘माझी आयस सकाली उठते’ अशी सुरुवात. आयस लावणीला जाते, इरलं घेते, दिवसभर चिखलात असते, रात्री पायाच्या चिखल्यांना मेंदी लावते. आणि एक वाक्य मला आजही पाठ आहे : ‘आयस कधी कधी बांधावर बसून एकटीच हसते, का ते सांगत नाय.’

मी काय केलं? ‘आयस’ची ‘आई’ केली, ‘सकाली’चं ‘पहाटे’ केलं. इथपर्यंत थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण चिखल्या मला घाण वाटल्या म्हणून काढल्या. बांधावरचं हसणं विषयाला सोडून आहे म्हणून काढलं. त्या जागी घातलं, ‘आई म्हणजे वात्सल्यसिंधू. तिचे हात आमच्यासाठी अखंड झिजतात.’ छान वळणदार अक्षरात उतरवलं आणि खाली तिचं नाव लिहिलं. अंक सगळ्यांना आवडला. तो निबंध सगळ्यात जास्त आवडला. मूळ कागद रद्दीत गेला.

तिने अंक वाचला, काही बोलली नाही. दहावीच्या अंकासाठी मी तिच्याकडे मागायला गेले तेव्हा म्हणाली, ‘माझं काय नाय यंदा.’ मला वाटलं, कंटाळा असेल.

पाच-सहा वर्षांपूर्वी एका लग्नात ती भेटली. तिची आई नुकतीच गेली होती. बोलता बोलता म्हणाली, ‘मी आयुष्यात आयशीवर एकदाच लिहिलं. तू छापलंस ते चांगलंच होतं गं. पण ती माझी आयस नव्हती.’ रागाने नाही म्हणाली. मला मात्र त्यानंतर जेवण गेलं नाही.

तुम्ही म्हणाल, चौदा वर्षांच्या पोरीकडून झालेली चूक, एवढं काय. पण मला तेव्हापासून एक प्रश्न पडला आहे. बाबांनीही माझ्या लेखात चूकच दाखवली होती आणि मीही तिच्या लेखात चूकच काढली होती. मग बाबांच्या ओळीने माझं लिहिणं सुरू कसं झालं आणि माझ्या दुरुस्तीने तिचं बंद कसं पडलं?

याचं उत्तर मला माझ्या कामात सापडलं. लोणेऱ्याहून इंजिनिअरिंग करून मी 2003 साली नोकरीला लागले. आमच्या क्षेत्रात एक रीत आहे. कुणीही लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याने वाचल्याशिवाय पुढे जात नाही. माणूस कितीही हुशार असो, स्वतःचं लिखाण वाचताना त्याला जे लिहायचं होतं तेच दिसतं, जे लिहिलं गेलंय ते दिसत नाही. 1976 साली आयबीएम कंपनीतल्या मायकेल फेगन या अभियंत्याने या वाचनाची शिस्तशीर पद्धत मांडली. तिच्यातला एक नियम मला फार आवडतो. वाचणाऱ्यांनी चूक शोधायची, दाखवायची, पण तिथल्या तिथे दुरुस्त करत बसायचं नाही. दुरुस्ती नंतर, ज्याने लिहिलं त्यानेच करायची.

पहिल्यांदा हा नियम समजला तेव्हा मला एकदम आपलं हस्तलिखित आठवलं. बाबांनी रहाट दाखवला, पण लिहायला मलाच ठेवला. मी मात्र पेन हातात घेऊन तिच्या घरात शिरले आणि सामान हलवून आले.

हे काही मी नव्याने शोधलेलं नाही. आपल्या मराठी मुलखात याची जुनी परंपरा आहे. साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती आणि मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. दैनिक, बरं का! आपण वर्षात एक अंक काढताना रडकुंडीला यायचो. 1928 साली त्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचं मासिकही सुरू केलं. याच गुरुजींनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं ऐकता ऐकता लिहून घेतली. दर रविवारी एक अशी अठरा प्रवचनं. विनोबा म्हणजे आपल्या शेजारच्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. ‘गीताप्रवचने’ आज हातात घेतलं तर बोलणारे विनोबाच ऐकू येतात. साने गुरुजींची स्वतःची शैली किती वेगळी, किती हळवी, हे ‘श्यामची आई’ वाचलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. पण दुसऱ्याचं लिहून घेताना त्यांनी तिला मागे ठेवलं. मला नववीत हे जमलं नाही.

साधारण त्याच काळात फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने नावाचे एक प्राथमिक शिक्षक होते. पहिल्या महायुद्धात त्यांच्या फुफ्फुसाला गोळी लागली होती, त्यामुळे वर्गात फार वेळ मोठ्याने बोलणं त्यांना झेपत नसे. 1924 च्या सुमारास त्यांनी वर्गासाठी एक लहानसं छपाईयंत्र आणलं. मुलं जे पाहतील ते लिहायची आणि स्वतः खिळे जुळवून छापायची. 1926 साली त्यांनी ब्रिटनी प्रांतातल्या समुद्राकाठच्या एका शाळेशी ही पानं अदलाबदल करायला सुरुवात केली. डोंगराकडच्या मुलांना समुद्राचं ठाऊक नाही आणि समुद्राकडच्यांना डोंगराचं. म्हणजे समोरच्याला जे माहीत नाही ते समजेल असं लिहायला हवं. शिक्षकाने ‘सविस्तर लिहा’ असं दहा वेळा सांगून जे होत नाही, ते खऱ्या वाचकाच्या एका ‘म्हणजे काय?’ने होतं.

आता आपल्या शाळेकडे येते. गेल्या जूनपासून मुख्याध्यापकांच्या परवानगीने आणि आठवीच्या मराठीच्या बाईंच्या मदतीने आम्ही सहा जणांनी एक छोटा प्रयोग चालवला आहे. दर पंधरा दिवसांनी चार-पाच मुलं वर्गाच्या एका जाड वहीत लिहितात. विषय त्यांचा. बाई त्या पानांची प्रत आम्हाला पाठवतात आणि आम्ही प्रत्येक मुलाला हाताने लिहिलेलं पत्र पाठवतो. नियम दोनच. एक, वाचताना डोळ्यांसमोर काय आलं ते सांगायचं. दोन, मनापासून पडलेला एक प्रश्न विचारायचा. त्याच्या लेखावर पेन चालवायचं नाही.

सुरुवातीला आम्हीही चुकलो. आमच्यातल्या एकाने (तो समोरच बसलाय, नाव घेत नाही) सगळ्यांना ‘छान! असेच लिहीत जा’ असं लिहून पाठवलं. एका मुलीने बाईंना विचारलं, ‘बाई, यांनी वाचलंय का?’ आठवीतल्या मुलांना फसवता येत नाही.

एका मुलाने कोलाडच्या राफ्टिंगबद्दल लिहिलं. ‘कुंडलिकेला बाराही महिने पाणी असते म्हणून राफ्टिंग चालते.’ आमच्या एका मैत्रिणीने विचारलं, ‘मे महिन्यात आजूबाजूचे ओढे आटतात, मग कुंडलिकेला पाणी कुठून येतं?’ मुलाला माहीत नव्हतं. त्याच्या काकांनाही नक्की सांगता आलं नाही. शेवटी कुणाकुणाला विचारून त्याने पुन्हा लिहिलं : घाटावर मुळशीचं धरण आहे, तिथलं पाणी खाली भिऱ्याच्या वीजगृहात येतं, वीज तयार झाली की ते नदीत सोडतात. भिऱ्याचं वीजगृह 1927 सालचं आहे हेही त्याने शोधलं. आणि शेवटी स्वतःचाच प्रश्न टाकला : ‘मग मुळशीच्या लोकांचे काय झाले असेल?’ तेव्हा बाईंनी वर्गाला 1921 चा मुळशी सत्याग्रह आणि सेनापती बापट यांच्याबद्दल सांगितलं. हा धडा त्या दिवशीच्या टाचणात नव्हता. एका प्रश्नामुळे आला.

दुसऱ्या एका मुलीने पोपटीवर लिहिलं. सुरुवात होती, ‘आजीन सांगितला का मडक्याला आधी पाला लावाचा.’ खरं सांगते, माझा हात शिवशिवला. पण या वेळी मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, ‘पाला कसला? आणि पाणी न घालता शेंगा शिजतात कशा? मी ज्या शहरात राहते तिथे माझ्या शेजारणीला सांगायचंय.’ दीड पानाचं उत्तर आलं. भांबुर्ड्याचा पाला कुठे मिळतो, वालाच्या शेंगांच्या अंगातलंच पाणी कसं पुरतं, मडकं उलटं का ठेवायचं, शिजलं हे आजीला मडक्यावर पाणी शिंपडून आवाजावरून कसं कळतं. काल रात्री आपण सगळ्यांनी पोपटी खाल्ली, पण यातलं किती जणांना सांगता येईल?

शिक्षकमंडळींच्या मनात प्रश्न असेल की मग शुद्धलेखनाचं काय? दहावीला बोर्ड ‘लावाचा’ला मार्क देणार नाही. अगदी बरोबर. म्हणून बाईंनी क्रम ठरवला आहे. आधी मनातलं येऊ द्यायचं, मग वाचकाचा प्रश्न, मग दुसरा खर्डा, आणि शेवटी वर्गाच्या अंकात उतरवण्याआधी प्रमाण मराठीत काय बदलायचं ते बाईंजवळ बसून मुलाने स्वतः ठरवायचं. आजीच्या तोंडचं वाक्य आजीच्याच बोलीत ठेवायचं. पोपटीवाल्या मुलीने तसंच ठेवलं. बाकीचं तिने स्वतः बदललं आणि कुठे का बदललं हे तिला सांगता येतं.

आणि आता कॉम्प्युटरबद्दल थोडं, म्हणजे संयोजकांचा शब्द राहील. आज मोबाईलला ‘माझी आई, वीस ओळी’ असं सांगितलं की निबंध तयार मिळतो. भाषा शुद्ध, वाक्यं गोल, त्यात वात्सल्यसिंधू नक्की असणार. असल्या यंत्रांशी माझा रोज संबंध येतो आणि ती उपयोगी आहेत. पण तो निबंध पाहिला की मला मी नववीत केलेलं काम आठवतं. चिखल्या काढायच्या, वात्सल्य घालायचं. पोरांना नुसतं ‘कॉपी करू नका’ म्हणून हे थांबणार नाही. ज्या निबंधाला फक्त शेराच मिळणार, तो कुणी लिहिला याने कुणाला काय फरक पडतो? बांधावर बसून हसणाऱ्या आईबद्दल विचारणारं कुणी असेल, तरच मूल तिच्याबद्दल स्वतः लिहील.

डिजिटल फळ्यासाठी आपण जमवलेला निधी जरूर वापरावा, माझा त्याला पाठिंबा आहे. पण त्यासोबत मला तुमच्याकडून पैसे सोडून एक गोष्ट हवी आहे. वाचक हवेत. एका बाईंकडे एका वर्गाच्या चाळीसच्या वर वह्या असतात. प्रत्येक निबंधाला मनापासून उत्तर देणं एका माणसाच्या आवाक्यातलं नाही. पण आपण इथे दीडशेच्या वर माणसं बसलोय. कुणी मुंबईत, कुणी पुण्यात, कुणी दुबईत, कुणी इथेच धाटवला. प्रत्येकाने महिन्याला एक पान वाचायचं आणि एक पत्र लिहायचं. अॅप नको, ग्रुप नको. मुलांचं लिखाण व्हॉट्सॲपवर फिरवायचं नाही, फोटो टाकायचे नाहीत. सगळी पत्रं शाळेच्या पत्त्यावर, बाईंच्या हातून. वर्षाच्या शेवटी पूर्वीसारखा बांधलेला अंक निघेल, आणि त्याच्या मागे कोरी पानं असतील. तो घरोघरी एकेक रात्र मुक्कामाला जाईल.

मेळाव्याचं ठरल्यावर मी माझ्या त्या मैत्रिणीला फोन केला. हे सगळं सांगितलं आणि म्हटलं, ‘तुझ्या आयशीवर पुन्हा लिहिशील का? मी हात लावणार नाही.’ ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘बघू.’

मी वाट बघते आहे. तोवर चहाच्या टेबलापाशी एक वही ठेवली आहे. ज्यांना वाचक व्हायचं आहे त्यांनी जाताना नाव लिहून जावं. बाबांनी लिहिली होती तेवढी एक ओळ लिहिता आली तरी पुरे आहे.

बाई आज तब्येतीमुळे येऊ शकल्या नाहीत. त्यांना इथूनच नमस्कार करते आणि माझे दोन शब्द संपवते.